ग्रॅनाइटच्या स्लॅबमधला ‘नैसर्गिक फरक’ कुठे संपतो आणि दोष कुठे सुरू होतो?

फरशीवाला, कुपवाड (धागाकर्ता)

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात मी २२ वर्षे फरशी आणि ग्रॅनाइटचा व्यवसाय करीत आहे. वडिलांच्या काळात दुकानात शहाबाद, कडप्पा आणि कोटा एवढाच माल असे. आता चाळीसेक रंगांचे स्लॅब घोड्यांवर (टेकवून ठेवण्याच्या चौकटींवर) उभे असतात आणि त्याच प्रमाणात तक्रारीही वाढल्या आहेत. गेल्या महिन्यातल्या एका तक्रारीमुळे हा धागा काढत आहे.

सांगलीतल्या विश्रामबागेतील एका कुटुंबाने ओट्यासाठी पांढुरका ग्रॅनाइट निवडला. निवडताना त्यांच्या हातात चार इंचांचा नमुना होता. ओटा बसल्यानंतर शेगडीच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा काळपट डाग दिसू लागला. मी सवयीने म्हणालो, "साहेब, हा नैसर्गिक दगड आहे, एवढा फरक राहणारच." गृहस्थ गप्प राहिले, पण त्यांच्या पत्नीने विचारले, "दगड नैसर्गिक आहे हे आम्हालाही कळते. पण हा डाग कापण्याआधी तुम्हाला दिसला होता ना?" दिसला होता. शेगडीच्या कटआउटमध्ये (शेगडीसाठी कापायच्या भोकात) तो निघून जाईल असा माझा अंदाज होता आणि तो सहा इंचांनी चुकला.

त्यांचा प्रश्न मला योग्य वाटतो, म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे आधी डागाविषयी सांगतो. खाणीतून आलेला ठोकळा पाच फूट जाडीचा धरला आणि १८ मिलिमीटरच्या स्लॅबमागे करवतीत जाणारे पाच-सहा मिलिमीटर हिशेबात घेतले, तर त्यातून साठेक स्लॅब निघतात. ठोकळ्यात एखादी गाठ असेल, तर करवत तिच्यातून पुढे सरकत असताना एका स्लॅबवर ती रुपयाएवढी दिसते, पुढच्या दहाव्यावर तळहाताएवढी होते आणि आणखी दहा-बारा स्लॅबनंतर नाहीशी होते. सगळे स्लॅब एकाच ठोकळ्याचे, एकाच लॉटचे आणि एकाच दराचे असतात. अशा लॉटमधून तोडलेला चार इंचांचा तुकडा फार तर रंगाचा अंदाज देतो.

रंगछटा, दाण्याची जाडी, शिरा आणि डाग हे सारे मी फरकात धरतो. जाडी १८ सांगून १५ देणे, पॉलिश मध्येच फिके पडलेले असणे आणि भेग रेझिनने (चिकट राळेने) भरून लपवणे हे मात्र माणसाचे काम आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द तिथे वापरू नये, पण आमच्या धंद्यात तो सर्रास वापरला जातो, हे मी स्वतः दुकानदार असूनही मान्य करतो.

भेग आणि शीर यांत नवख्याची गफलत होते. त्यासाठी आम्ही स्लॅबवर बादलीभर पाणी मारतो आणि तो सुकताना पाहत उभे राहतो. सगळा पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही एखादी केसासारखी ओळ ओली, गडद राहिली, तर पाणी आत शिरलेले असते. शीर असेल तर ती बाकीच्या दगडाबरोबरच सुकते. बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्यास चांगला स्लॅब खणखणीत वाजतो आणि तडकलेला बद्द वाजतो; मात्र तो घोडीवर मोकळा उभा असला पाहिजे, नाहीतर मागच्या स्लॅबला टेकलेला चांगला दगडही बद्दच वाजतो. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नये. काही दगड जात्याच ठिसूळ असतात आणि जाळीशिवाय प्रवासात टिकत नाहीत. प्रश्न एवढाच, की जाळी आहे हे गिऱ्हाइकाला सांगितले होते का.

ग्राहक, कारागीर आणि अभ्यासक यांनी आपापले अनुभव लिहावेत.

भूशास्त्र शिक्षिका, कराड

आपण ज्याला गाठ म्हणता, तिच्याविषयी थोडे लिहिते. ग्रॅनाइटचा शिलारस (वितळलेला खडक) भूपृष्ठाखाली कित्येक किलोमीटर खोलीवर अतिशय सावकाश थंड होतो आणि त्यामुळे क्वार्ट्झ, फेल्डस्पार व अभ्रक यांचे स्फटिक डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात. हा रस वर सरकत असताना भोवतालच्या खडकाचे तुकडे त्यात पडतात, किंवा लोह आणि मॅग्नेशियम अधिक असलेला दुसरा शिलारस त्यात घुसतो. पुरते विरघळण्याआधीच सारे गोठले, तर अशी काळपट गाठ राहते; परक्या खडकाचा तुकडा असेल तर त्याला झेनोलिथ म्हणतात. फिकट, जाड दाण्यांच्या शिरा बहुधा शेवटी उरलेल्या पाणीदार रसाच्या असतात, जो आधीच गोठलेल्या भागाच्या भेगांत शिरून तिथे स्फटिकरूप होतो. लाटांसारखे पट्टे असलेले जे दगड दुकानात ग्रॅनाइट म्हणून विकले जातात, त्यांतील पुष्कळसे खरे पाहता पट्टिताश्म असतात, म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता यांखाली पुन्हा मळले गेलेले खडक. त्यांत दोन स्लॅब सारखे मिळावेत अशी अपेक्षाच धरता येत नाही.

व्यापारी नावांवरही फार भिस्त ठेवू नये. कश्मीर व्हाइट हा तमिळनाडूत मदुराई परिसरात निघतो. काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारे बहुतेक दगड भूशास्त्रीय दृष्ट्या ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो हे दुसऱ्याच जातीचे गडद अग्निज खडक असतात. आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्तीला निघणारा ब्लॅक गॅलेक्सी हा त्याच कुळातला असून त्यात चमकणारे सोनेरी ठिपके ब्रॉन्झाइट या खनिजाचे आहेत, सोन्याचे नव्हेत. (दर वर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो.)

आपल्या भागात ग्रॅनाइटच्या खाणी का नाहीत, असाही प्रश्न येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसराचा अभ्यास सातत्याने होत आला आहे आणि त्याच कामासाठी अलीकडच्या काळात तिथे खोल विंधनछिद्रे घेतली गेली. रासाटीजवळच्या छिद्रात सुमारे ९३० मीटरपर्यंत एकावर एक साचलेले बेसाल्टचे (लाव्हापासून झालेल्या काळ्या पाषाणाचे) थर लागले आणि त्यांच्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला. बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर दक्षिण भारतातील अनेक ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांच्या घरातले आहेत. म्हणजे ग्रॅनाइट आपल्याही पायाखाली आहे, पण जवळजवळ एक किलोमीटर काळ्या पाषाणाखाली, आणि म्हणूनच तो ट्रकने कर्नाटक, आंध्र, तेलंगण किंवा राजस्थानातून येतो.

गृहिणी, इस्लामपूर

धागा वाचून जुनी जखम उघडी पडली. २०२१ साली आम्ही ओट्याला आणि जिन्याला काळाभोर ग्रॅनाइट घेतला आणि त्याच्या गर्द काळ्या रंगासाठी दरही अधिक मोजला. वर्षाच्या आत सिंकभोवतीचा पट्टा राखाडी दिसू लागला. दुकानदाराचे उत्तर तेच, जे धागाकर्त्यांनी स्वतःविषयी लिहिले आहे: नैसर्गिक दगड आहे. शेवटी दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका मिस्त्रींनी कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन जिन्याच्या कोपऱ्यात घासून दाखवले, तर बोळा काळा झाला. दगड मुळात करडा होता आणि त्याला रंग पाजलेला होता.

दुसरी तक्रार मात्र माझीच चूक असावी असे वाटते, म्हणून विचारते. मागच्या पडवीत कडप्पा बसवला आहे. लोणच्यासाठी लिंबे चिरून तिथेच ठेवली, तर रस सांडलेल्या जागी फिकट, खरखरीत वर्तुळे उमटली, जी घासून जात नाहीत. कडप्पाही रंगवलेला होता का?

फरशीवाला, कुपवाड (धागाकर्ता)

ताई, कडप्पा रंगवलेला नव्हता. कडप्पा, शहाबाद आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच घटकाचा आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे ॲसिड लागले की दगडाचा वरचा पापुद्रा विरघळतो आणि पॉलिश जाते. हा डाग नसून झीज आहे, म्हणून साबणाने निघत नाही. त्या जागेची पुन्हा घोटाई करावी लागते. लिंबाचा असा परिणाम ग्रॅनाइटवर होत नाही. विकताना हे सांगणे दुकानदाराचे काम होते.

रंग पाजलेल्या काळ्या दगडाविषयी आपल्या मिस्त्रींनी केलेली परीक्षा बरोबर आहे. एक पुस्ती जोडतो: काही ग्राहक स्लॅबची कापलेली कड आणि वरचा चेहरा यांच्या रंगात फरक दिसला की दगड रंगवला आहे असे धरून चालतात. ते बरोबर नाही, कारण आरशासारख्या पॉलिशमुळे कोणताही गडद दगड त्याच्या खरखरीत कडेपेक्षा काळाच दिसतो. कड ओली करून पाहावी. ओली कड चेहऱ्याच्या जवळपास आली तर चिंता नाही, करडीच राहिली तर बोळा मागावा. बोळा मागितल्यावर दुकानदार चिडला, तर दगड ठेवून घरी यावे.

पाथरवटाचा नातू, वाई

आमच्या घरात आजोबांपर्यंत पाथरवटाचे काम होते: पाटे, वरवंटे, जाती, उखळी, तुळशीवृंदावने आणि क्वचित एखादा नंदी. ग्रॅनाइटच्या चर्चेत आपला काळा पाषाण मागे राहू नये म्हणून लिहितो, कारण काळा दगड सगळीकडे सारखाच असतो असा मोठा गैरसमज आहे.

लाव्हाच्या एकेका थरात मधला गाभा घट्ट आणि एकजीव असतो. वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि त्या पुढे झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा सापडतो. एकाच खाणीच्या कड्यात हे तिन्ही प्रकार वर-खाली दिसतात. आजोबा दगड निवडताना आधी सुतकीने (पाथरवटाच्या हातोडीने) हलके ठोके देत आणि कान देऊन ऐकत, मग ओल्या फडक्याने पुसून ठिपके शोधत. पांढरा ठिपका असलेला दगड ते मूर्तीला कधीच घेत नसत. टाकी (छिन्नी) नेमकी त्या ठिपक्यापाशी आली की तो अख्खा निखळून पडतो आणि देवाच्या गालावर खळगा राहतो. तोच दगड पायरीला किंवा जोत्याला बिनदिक्कत चाले. जात्याच्या दोन्ही तळ्या मात्र त्यांना एकाच धोंड्यातून काढलेल्या लागत, म्हणजे एक तळी दुसरीला खात नाही.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटांची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात बांधली गेली. तिच्या आतल्या भिंतीसमोर उभे राहून एकच रांग नीट पाहा: निळसर, करडे आणि तपकिरी झाक असलेले दगड शेजारी शेजारी बसले आहेत आणि सांधे मात्र चोख आहेत. तिथे कोणी रंग जुळत नाही म्हणून तक्रार केली असेल असे वाटत नाही. अर्थात तिथे कोणी चौरस फुटाचा दरही लावला नव्हता, हेही खरे.

ग्रॅनाइट मिस्त्री, मिरज

मी १६ वर्षे ग्रॅनाइट कापण्याचे आणि बसवण्याचे काम करतो. मालक लोकांनी आणि मॅडमांनी दगडाविषयी लिहिले, मी तो उचलणाऱ्यांविषयी लिहितो.

१८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. आठ फूट बाय तीन फुटांचा स्लॅब म्हणजे १०८ किलो. तो आम्ही चार जण जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेतो, कारण लिफ्टमध्ये तो मावत नाही. नेताना तो कायम उभा धरावा लागतो. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध मोडतो, आणि त्यात आडवी शीर असेल तर हमखास तिथेच मोडतो. सिंकचे भोक कापल्यावर पुढच्या बाजूला तीन-चार इंचांची पट्टी उरते. शीर जर त्या पट्टीतून आडवी जात असेल, तर कितीही जपले तरी उचलताना ती तडकते. असे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा माझी मजुरी कापली गेली. डाग निघाला तर तो निसर्गाने काढला आणि पट्टी तुटली तर ती मिस्त्रीने तोडली, असा हा हिशेब आहे. आता मी कापण्याआधी शिरेवर खडूने रेघ मारतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि कटआउट कुठे घ्यायचे हे मालकाकडून वदवून घेतो.

धुळीविषयीही लिहायला हवे. दुकानातल्या मशीनवर पाणी चालू असते, पण गिऱ्हाइकाच्या घरी हातकटरने सुके कापले जाते. खोलीत समोरचा माणूस दिसत नाही एवढी धूळ होते आणि आमच्या तोंडावर फक्त रुमाल असतो. माझ्या एका सोबत्यावर आठ महिने क्षयाचे उपचार झाले आणि नंतर कळले की तो सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, होता. आता तो कापायला येत नाही, हिशेब लिहितो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण घाव घालणाऱ्याच्या छातीत काय जाते ते कोणी म्हणत नाही.

भूशास्त्र शिक्षिका, कराड

मिस्त्रीदादांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. घातक असते ती स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झची न दिसणारी बारीक धूळ. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात आणि घशात अडते, पण ही फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते, तिथे व्रण धरवते आणि तो व्रण पुन्हा भरून येत नाही. आपल्या बेसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ अत्यल्प असतो, ग्रॅनाइटमध्ये तो मुख्य घटकांपैकी एक असतो, आणि क्वार्ट्झ या नावाने जे कारखान्यात घडवलेले स्लॅब विकले जातात त्यांत सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ते स्लॅब कापणाऱ्या तरुण कामगारांत हा आजार दिसू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा घडीव दगडावर बंदी घातली. एकसारखा, डाग नसलेला दगड हवा म्हणून तिकडे वळणाऱ्या ग्राहकांनी ही बाजूही पाहावी.

आपल्याकडे कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. परंतु घरोघरी जाऊन ओटे बसवणारा मिस्त्री कोणत्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. रुमालाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पात्यावर पाणी सोडून कापावे, म्हणजे धूळ उडतच नाही.

फरशीवाला, कुपवाड (धागाकर्ता)

पाण्याविषयी माझी अडचण प्रामाणिकपणे मांडतो. गिऱ्हाइकाच्या घरी ओले कापले की राडा होतो, तयार भिंतींवर शिंतोडे उडतात आणि तक्रार येते. सुके कापले तर धूळ झाडून निघते. त्यामुळे ग्राहकाला सुके सोयीचे वाटते आणि आम्हीही मान डोलावतो.

ग्रॅनाइट मिस्त्री, मिरज

शेठ, माप दोनदा घेतले तर घरी कापायचे उरते किती? सिंक आणि शेगडीची कटआउट दुकानात पाण्याखाली काढता येतात. घरी भिंत गुण्यात (काटकोनात) नसते म्हणून अर्धा-पाऊण इंच घासावे लागते, तेवढे गच्चीत किंवा अंगणात बाटलीने पाणी सोडत करता येते. मापाला माणूस एकदाच पाठवला जातो, तेही कच्चा ओटा व्हायच्या आत, म्हणून सगळे घरी कापावे लागते.

वास्तुरचनाकार, सातारा

मिस्त्रींचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि माझ्या कामांवर मी आता तसाच क्रम ठेवतो: आधी कच्चा ओटा, मग माप, मग कटिंग.

मूळ प्रश्नाबाबत सांगायचे, तर प्रत्येक ग्राहकाला प्रत्येक स्लॅब दाखवा असा आग्रह मी मोठ्या कामात धरत नाही, कारण ८०० चौरस फुटांच्या फ्लोअरिंगमध्ये ते होत नाही. त्याऐवजी लॉटमधला सर्वांत फिकट, सर्वांत गडद आणि सर्वांत जास्त डाग असलेला असे तीन स्लॅब बाजूला काढून घरमालकाला दिवसाच्या उजेडात दाखवतो. दुकानातल्या दिव्याखाली नव्हे. पिवळसर दिव्यात पांढरे ग्रॅनाइट सगळेच सुंदर दिसतात. त्या तिघांच्या दरम्यानचे सारे मान्य, त्याबाहेरचे परत, असे मागणीपत्रावर लिहून घेतो. फ्लोअरिंग चिकटवण्याआधी तुकडे कोरडेच मांडून एकदा लांबून पाहतो. पाच-सात तुकडे इकडचे तिकडे केले की अर्धे डाग कपाटाखाली जातात.

ओटा मात्र वेगळा. तो दोन-तीन स्लॅबांत संपतो आणि घरातली माणसे रोज दोन वेळा त्याच्यासमोर उभी राहतात. तिथे स्लॅब प्रत्यक्ष दाखवून त्यावरच खडूने ओटा आखला पाहिजे.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. फिकट ग्रॅनाइट सिमेंटच्या ओल्या मालावर बसवून लगेच सांधे बंद केले, तर अडकलेल्या ओलीमुळे दगडातील लोहयुक्त कण गंजतात आणि महिन्याभरात पिवळे ढग उठतात. हा फरकही नव्हे आणि स्लॅबचा दोषही नव्हे, ही बसवण्यातली घाई आहे.

गृहिणी, इस्लामपूर

धागाकर्त्यांना विचारते: विश्रामबागेतल्या त्या ओट्याचे पुढे काय झाले?

फरशीवाला, कुपवाड (धागाकर्ता)

डावीकडचा साडेचार फुटांचा तुकडा माझ्या खर्चाने बदलून दिला. त्याच लॉटचे सहा स्लॅब शिल्लक होते. त्या बाईंना दुकानात बोलावून सहाही अंगणात उभे केले, पाणी मारले आणि त्यांनी निवडलेल्या स्लॅबच्या मागच्या बाजूला त्यांच्यासमोर नाव घातले. काढलेला डागाचा तुकडा माझ्या गल्ल्याच्या टेबलावर बसवला आहे. गेल्या आठवड्यात शिराळ्याच्या एका गिऱ्हाइकाने नेमका "असाच डाग असलेला" स्लॅब मागितला आणि तो माझ्याकडे नव्हता.

मिस्त्रीदादांची मजुरी कापण्याचा विषय मला अधिक बोचला, कारण तसे मीही एकदा केले आहे. खडूची रेघ आणि फोटो ही पद्धत या महिन्यापासून आमच्याकडे सुरू केली आहे, आणि शीर आडवी जात असेल तर सिंकच्या पुढच्या पट्टीला खालून खाच पाडून स्टीलची सळई एपॉक्सीत बसवून देतो. त्याचा खर्च बिलात वेगळा दाखवतो.

गृहिणी, इस्लामपूर

उत्तम केलेत. आमच्याकडे जिन्याचे तीन लांब तुकडे उरले आहेत, ते गच्चीवर आडवे एकावर एक रचून ठेवले आहेत. चालेल ना?

ग्रॅनाइट मिस्त्री, मिरज

ताई, आजच उभे करा. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या घाला, लांब कड खाली ठेवा आणि पॉलिशचा चेहरा चेहऱ्याला लावून, मध्ये पुठ्ठा घालून भिंतीला थोडे तिरपे टेकवा. मुले खेळत असतील तिथे ठेवू नका. आणि एकट्याने उचलू नका.